बुजवलेली खिडकी

१९ जुलै २०२४, सेलू

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. दम कधी लागला, त्या वेळी घरात काय चाललं होतं, खिडकी उघडी होती का बंद, एवढंच लिहायचं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. स्वतःची ही पहिलीच.

आज परभणीला छातीच्या डॉक्टरांकडं गेले होते. एका नळीत फुंकायला लावलं. तीनदा फुंकले, तिन्ही वेळा काटा खालीच. मग औषधाचं सोडून ते घराचंच विचारायला लागले.

"मावशी, तुमच्या घरात वारा कुठून येतो?"

"रस्त्याकडच्या खिडकीतून."

"आणि जातो कुठून?"

दार म्हणणार होते, पण दारही रस्त्याकडंच आहे.

"म्हणजे येतच नाही," ते म्हणाले. "जायला वाट नसली की वारा उंबऱ्यावरूनच माघारी फिरतो."

मागं स्वयंपाकघरात एक खिडकी होती. अकरा वर्षांपूर्वी बुजवावी लागली, मागच्या अंगणातल्यांशी पटेना म्हणून. डॉक्टरांना एवढंच सांगितलं.

२६ जुलै

आठ दिवस झड लागलीय. कपडे आतच दोरीवर. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर काळे ठिपके होते, आता त्यांचं गोधडीएवढं ठिगळ झालंय. ह्यांचं कपाट त्याच भिंतीला टेकून आहे. ते उघडलं तर शर्टांच्या कॉलरवर पांढरी बुरशी. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तहसीलमध्ये कारकून होते, कॉलर मळलेली चालायची नाही त्यांना. ते शर्ट धुऊन पुन्हा त्याच दोरीवर टाकले. ते वाळलेच नाहीत.

दम: सकाळी दोनदा. खिडकी: बंद.

४ ऑगस्ट

लेकीनं, सुकेशनीनं, पुण्याहून हवा साफ करायचं यंत्र पाठवलं. फोनवर म्हणाली, "आई, दारं-खिडक्या लावून यंत्र चालू कर." डॉक्टर म्हणतात उघडा, लेक म्हणते लावा. यंत्र रात्रभर घुमतं. घरात कुणीतरी आहे असं वाटतं, तेवढं बरं आहे.

२१ ऑगस्ट

मागच्या अंगणात सरजाबाई राहतात, माझ्या थोरल्या जाऊ. भावजी किशनराव गेल्यापासून एकट्याच. पत्र्याची एक खोली आणि अंगण. आमच्या दोघींत एक भिंत, पण त्यांच्याकडं जायचं तर अख्खी गल्ली वळसा घालून जावं लागतं. अकरा वर्षांत मी एकदाच गेले, भावजींच्या मातीला. कडेला उभी राहिले आणि परत आले. हे गेले तेव्हा त्या आल्या होत्या. उंबऱ्याबाहेर बसून राहिल्या, आत आल्या नाहीत.

त्यांचं नाव काढलं ते एका कारणानं. रोज सकाळी सहाला बरोबर माझ्या ओट्यामागं, भिंतीला लागून, घागर आपटतात. नळ पलीकडच्या कोपऱ्यात असताना. मी चहाचं भांडं ठेवलं की आवाज बंद. माणसानं किती दिवस मनात ठेवावं?

१३ सप्टेंबर

काल रात्रीपासून बरं नव्हतं. पहाटे उठून बसले तर श्वास आत जाईना. पंप दोनदा ओढला. रस्त्याकडची खिडकी उघडली, दार उघडलं, पायरीवर येऊन बसले तेव्हा थोडं मोकळं वाटलं. दूधवाला म्हणाला, "मॅडम, आज लौकर?" मी मान हलवली. बोलण्याइतकी हवा नव्हती.

दिवसभर एक विचार सुटला नाही. मी घरात मरून पडले असते तर कुणाला कधी कळलं असतं? सुकेशनीचा फोन रविवारी येतो. आज शुक्रवार.

११ ऑक्टोबर

पुन्हा परभणी. डॉक्टरांनी वही वाचली. मी घागरीचंही लिहिलंय हे विसरून गेले होते. त्यांनी ते वाचलं असावं, नुसतं पान उलटलं.

कागदावर माझं घर काढलं. एका ओळीत तीन खोल्या. पुढून बाण आत, मागच्या भिंतीशी बाण थांबला. तिथं पेनानं चौकोन काढून म्हणाले, "इथं भोक पाहिजे. रोज सकाळी आणि दिवस मावळताना पुढची-मागची दोन्ही एकदम उघडायची. पावसाळ्यात झड थांबली की लगेच. थंडीत दहा-पंधरा मिनिटं, पण चुकवायचं नाही. उन्हाळ्यात नऊच्या आत लावून घ्यायची आणि ऊन उतरलं की सताड. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं. ओले कपडे आत नाही."

"आणि औषध?"

"ते आहेच. पण औषध घेऊन त्याच हवेत बसणार असाल तर उपयोग नाही."

खिडकी माझ्या भिंतीत आहे. ती उघडते सरजाअक्काच्या अंगणात.

१७ नोव्हेंबर

महिनाभर टाळलं. आज गेले.

फाटक लोटलं तर अक्का सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. केस पार पांढरे झालेत.

"कोण?"

"मी. धम्मशीला."

"दिसायलंय मला. आंधळी न्हाई झाले आजून."

बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच डॉक्टरांचं सगळं सांगितलं. शाळेत पाठ शिकवल्यासारखं सांगितलं, माझं मलाच ऐकवेना. त्या सूप हलवत राहिल्या.

"खिडकी तुजी हाय. मला कशाला इचारायलीस?"

"अंगण तुमचं आहे, अक्का."

"हवा काय माजी हाय व्हय?" सूप खाली ठेवलं. "उघड. दम लागून मरतीस का? पर एक आयक. खिडकी उघडली म्हणून बोलायचं काई न्हाई आपल्याला."

"बरं," म्हणाले. येताना गल्लीच्या वळणावर थांबावं लागलं. तो दम खिडकीमुळं नव्हता, तरी वहीत लिहिते.

२८ नोव्हेंबर

भुजंग गवंडी सकाळी आला. छिन्नी लावली आणि पहिली वीट निघाली तसा उजेडाचा एक पट्टा ओट्यावर पडला. त्या पट्ट्यात धूळ वर-खाली फिरत होती. मग सात-आठ विटा निघाल्या आणि पुढच्या खोलीतलं कॅलेंडर आपोआप फडफडलं. भुजंग म्हणाला, "मॅडम, घरानं श्वास घेतला बघा." मी चहा ठेवायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

अक्का दिवसभर खोलीबाहेर आल्या नाहीत. आमच्या भिंतीचा राडारोडा मात्र त्यांच्या अंगणात पडला होता, तो उचलायला मी गेले तेव्हा कुणीतरी झाडून एका कोपऱ्यात लावलेला होता.

खिडकीतून अक्काची चूल दिसली. पलीकडच्या कुंपणाला लागून आहे, माझ्या भिंतीपासून जितकी लांब नेता येईल तितकी. तिथली भिंत वरपर्यंत काळीकुट्ट झालीय. चूल अलीकडंच हलवली असावी.

९ डिसेंबर

जिनिंग जोरात चालू आहेत. सगळ्या सेलूच्या अंगावर कापसाचे तंतू. दोन्ही खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड लावलं, दर दोन दिवसांनी झटकते. भिंतीवरचं काळं ठिगळ वाळून सुटायला लागलंय. दम: दहा दिवसांत एकदाच.

अक्का बोलत नाहीत. मीही नाही. खिडकीतून सगळं ऐकू मात्र येतं. भाकरी थापायचा आवाज येतो. कोंबडीला शिव्या देतात त्या. संध्याकाळी पाच मिनिटं वंदना म्हणतात, एक ओळ दरवेळी चुकते. माझ्याकडचं त्यांना काय ऐकू जात असेल? यंत्राची घुमघुम. रविवारचा फोन.

घागरीचं बंद झालं. त्याऐवजी आता सहाला खिडकीखाली येऊन मोठ्यानं खाकरतात. मी दिवा लावून भांड्याचा आवाज केला की निघून जातात. खिडकी उघडायला परवानगी दिली ती बहुतेक ह्याच्यासाठी.

२२ डिसेंबर

सुकेशनीचा फोन. मागची खिडकी उघडल्याचं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मोठी आई दिसते का गं तिथून?"

"दिसतात."

"बारावीला मी तिथं ओट्याखाली अभ्यासाला बसायचे ना, मोठी आई चुलीवरची पहिली भाकरी खिडकीतून द्यायची. वर तिखट आणि तेल. तू शाळेतून यायच्या आत मी खाऊन टाकायचे."

"आणि धूर? तुझे डोळे लाल व्हायचे की."

"ते रात्री जागून, आई. धुराचं मी कधीच म्हटलं नव्हतं."

फोन ठेवून वही काढली.

ह्या वहीत पहिल्याच पानावर मी खोटं लिहिलंय, ते आता दुरुस्त करते. मागच्यांशी पटेना म्हणून खिडकी बुजवली, असं नाही. भांडण दोघा भावांचं नव्हतंच. त्या दिवशी ओट्यावर धूर आला, माझं डोकं दुखत होतं, शाळेची वार्षिक तपासणी होऊन गेली होती आणि साहेबांनी चार बायकांसमोर मला बोलून घेतलं होतं. मी खिडकीतून ओरडले, "अडाण्यांच्या घरचा धूर माझ्या लेकीच्या अभ्यासात नको." अक्का फुंकणी हातात धरून तशाच बघत राहिल्या. ह्यांनी मला समजावलं. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी मीच बोलावला. हे दोन दिवस जेवले नाहीत, आणि मी जगाला सांगत राहिले की भावांचं पटत नाही.

३० डिसेंबर

आज खिडकीत उभी राहून "अक्का" अशी हाक मारायची ठरवलं होतं. त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. तोंड उघडलं आणि "मच्छरदाणीचं कापड हवंय का?" असं विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. एवढंच.

९ जानेवारी २०२५

आजचं आजच लिहिते.

थंडी मरणाची पडलीय. सकाळी शाल गुंडाळून दोन्ही खिडक्या उघडल्या. सव्वासहा झाले. खाकरणं ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आजची पीडा टळली म्हणून. चहा ठेवला. साडेसहा. कोंबड्या खुराड्यात ओरडत होत्या, कुणी सोडलं नव्हतं त्यांना. अक्का कोंबड्या सोडल्याशिवाय तोंड धूत नाहीत. आणि त्यांच्या खोलीच्या दाराच्या फटीला आतून पोतं कोंबलेलं दिसलं.

"अक्का!" अकरा वर्षांनी हाक मारली ती अशी. दोनदा, तीनदा. काही नाही.

गल्लीला वळसा घालून पळाले. माझ्यासारख्या बाईचं पळणं ते. वळणावर डोळ्यापुढं अंधारी आली. पिठाच्या गिरणीचे तात्याराव शटर उघडत होते, त्यांना फक्त हातानं खुणावता आलं. ते मागं आले. दाराला आतून कडी होती. त्यांनी खांद्यानं तीनदा धडक दिली तेव्हा ती तुटली.

आत घमेल्यात विझत आलेले निखारे. खोलीला एकही खिडकी नाही, पत्र्याच्या फटींनाही चिंध्या कोंबलेल्या. अक्का गोधडीत वाकड्या पडल्या होत्या, जवळच ओकारी झालेली. तात्याराव म्हणाले, "मॅडम, बाहेर व्हा, गुदमरताल." मी पाय धरले, त्यांनी खांदे. अंगणात मातीवर आणून ठेवलं. मी पदरानं वारा घालत राहिले. त्या थंडीत वारा! किती वेळ गेला माहीत नाही. मग अक्काची छाती वर आली.

सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरीण म्हणाली, बंद खोलीत निखाऱ्याचा गॅस साठतो, वास येत नाही, माणूस झोपल्या झोपल्या जातं. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून ती थांबली.

मला दिवसभर पंप लागला नाही. कसं ते माहीत नाही.

११ जानेवारी

आज अक्का नीट बोलल्या. डोकं दुखतंय, पण ओळखतात.

"कोंबड्या?"

"सोडल्या. दाणे टाकले."

"मग ठीकाय." डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाल्या, "तुला कसं कळलं गं?"

"तुम्ही खाकरला नाहीत."

त्या हसल्यासारख्या झाल्या. "तुजे मालक, सिद्धोधन भावजी, गेल्यापासून रोज बघते मी. भिताड होतं तवा घागर आपटायची. तुजं भांडं वाजलं की म्हणायचं, हाय, उठली. एकटी बाई. आत काय झालं तर कुणाला कळावं?"

सलाईनच्या बाटलीकडं बघत बसले. मग सगळा जीव गोळा करून म्हणाले, "अक्का, त्या दिवशी धुरावरून मी जे बोलले..."

"धूर व्हताच की. खोटं काय त्यात? तू बोललीस ते लय लागलं मला, न्हाई म्हणत न्हाई. पर रातभर इचार केला, लेकराची बारावी हाय. सकाळी उठून चूल उचलली आन् पल्याडच्या कुंपणाला मांडली. तुला सांगायला आले भिताडापाशी, तर गवंडी इटा लावायलता."

मी त्यांचा हात धरला. हात खरखरीत आणि गरम होता. माफी मागायचे शब्द तयार होते. इतकी वर्षं मुलांना शब्द शिकवले आणि स्वतःच्या तोंडून एक निघेना.

१९ जानेवारी

अक्काचा भाचा योगीराज जिंतूरकडच्या गावाहून आला. ताकद येईपर्यंत तिकडं नेतो म्हणाला. भला माणूस आहे. मी म्हणाले, माझ्याकडं राहू दे. अक्का म्हणाल्या, "तुजंच तुला व्हईना." खरंच आहे.

बसस्टँडवर पोचवायला गेले. बस लागल्यावर त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"रोज सकाळी घटकाभर उघडत जा खोली. बंद घर लौकर मोडतंय. आन् घमेलं देऊन टाक कुणाला बी."

मी म्हणाले, "अक्का, माझं चुकलं." गाडी सुरू झाली होती, इंजिनाचा आवाज होता. त्यांना ऐकू गेलं का नाही, कुणास ठाऊक. त्यांनी कानाला हात लावून खुणेनं विचारलं, काय? मी हात हलवला, काही नाही, जा.

१६ फेब्रुवारी

रोज सातला माझ्या दोन खिडक्या, मग वळसा घालून अक्काची खोली. दार उघडते, गोधड्या उन्हात टाकते, कोंबड्या सोडते. तासाभरानं लावते. तात्याराव म्हणतात, "मॅडमला दोन-दोन घरं झाली." हसून घेते.

माझी स्वतःची तब्येत चांगली आहे. डॉक्टर म्हणाले, नळीतला काटा पहिल्यापेक्षा किती वर गेला बघा. वही बंद केली तरी चालेल म्हणाले. मी बंद करत नाही.

अंगण शांत आहे. पहाटे सहाला जाग येते आणि मी ऐकत पडून राहते. वारा छान येतो, पुढून मागं, मागून पुढं. त्यात कुणाचा आवाज नसतो.

२० मार्च

फोन केला होता. योगीराजनं अक्काला दिला. त्यांना फोनवर बोलता येत नाही, ओरडतात. "कोंबडी बसली का अंड्यावर?" "बसली." "आसंच राहू दे तिला." मग फोन योगीराजकडं. तो म्हणाला, आत्या बरी आहे, आम्ही तिला इथंच ठेवून घ्यायचं बघतोय, एकटी कशाला राहील.

बरोबरच आहे त्याचं. मी "हो, बरोबर आहे" म्हणाले. जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक रस्त्यावरून गेली. अभिवादनाला जाऊन आले, दारात उभी राहून मिरवणूक पाहिली. सुकेशनी येणार होती, सुट्टी मिळाली नाही. ऊन असं की नऊला खिडक्या लावल्या आणि मावळतीला उघडल्या तरी भिंतीतून आच येत होती. अक्काच्या पत्र्याच्या खोलीत तर दुपारी पाय ठेवता येईना. वीस-पंचवीस वर्षं ही बाई ह्यात राहिली. मी भिंतीच्या अलीकडं पंख्याखाली वह्या तपासत होते.

भुजंगला बोलावून खोली दाखवली. म्हणाला, "वर पत्रा आहे, भिंती विटांच्याच आहेत. खिडकी पाडता येते. दोन दिवसांचं काम."

१७ एप्रिल

योगीराजला फोन करून अक्काला द्यायला सांगितलं.

"अक्का, तुमच्या खोलीला खिडकी पाडायची म्हणते मी."

"माज्या माघारी घर पाडायलीस व्हय?"

"घर नाही, खिडकी. तुम्ही तिकडं राहणार असला तर राहू द्या. पण तुमची खोली आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय कशी पाडू?"

"कुणी सांगितलं मी हितं राह्यणार म्हणून?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हितं समदे गोड हायेत," अक्का ओरडून सांगत होत्या. तिकडं घरभर ऐकू जात असणार. "पर माणसं दारं लावून टीव्हीसमोर बसतेत. कोण उठलं, कोण न्हाई, कुणाला काय पडलंय?"

"मग कोणत्या अंगाला पाडू? गल्लीच्या अंगाला वारा बरा येईल. नाहीतर अंगणाच्या. पण तिकडून समोर माझं स्वयंपाकघर येतं."

पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला. "अक्का? ऐकू येतंय का?"

"आयकू येतंय. त्या दिशी बी आलं व्हतं, गाडीत." मग जरा थांबून, "अंगणाच्या अंगाला पाड. गल्लीत बघून काय करू मी?"

१८ एप्रिल

भुजंग सोमवारी येतो म्हणाला. सकाळी खडू घेऊन गेले आणि अक्काच्या भिंतीवर आतून चौकट आखून ठेवली. अक्का बसल्यावर त्यांचं डोकं कुठपर्यंत येईल, ते त्यांच्या गोधडीवर बसून पाहिलं आणि खालची रेघ आणखी दोन विटा खाली घेतली.